उघड्या जीपचं आतलं काम: पैसा नेमका कुठे जातो

आकडा आधी सांगतो, म्हणजे ज्यांना तेवढाच हवाय त्यांचा वेळ वाचेल. इंजिन, ब्रेक आणि बाहेरचा रंग होऊन उभी असलेली जुनी उघडी जीप आतून पूर्ण करायला भिंगार-नगर भागात काटकसरीने ४५,००० रुपयांच्या आसपास लागतात. टिकाऊ आणि डोळ्याला बरं दिसेल असं काम ७५ ते ८० हजारांत बसतं. हौसेला आवर घातला नाही, तर दीड लाखाच्या पुढे जायला वेळ लागत नाही. हे आकडे अंदाजपत्रकाचे आहेत, दरपत्रकाचे नाहीत. दुकान, हंगाम आणि तुमच्या गाडीचा पत्रा गंजाने किती खाल्लाय, यावर वीस टक्के इकडेतिकडे धरून चाला.

या पैशातला सर्वांत कमी हिस्सा ज्या गोष्टीवर जातो, तिच्यावरच बहुतेक मालक सर्वांत जास्त वेळ घालवतात: सीटचं कापड. तपकिरी घ्यावं की काळं, चौकडीची शिलाई की सरळ, यावर घरात आठवडाभर चर्चा होते. आणि ज्या फरशीवर ती सीट बसणार, तिला खालून बोट घातलं तर आरपार जातं. उघड्या गाडीचं आतलं काम हे अर्धं बाहेरचंच काम असतं. ऊन, धूळ, पाऊस यातलं काहीच काचेपलीकडे थांबत नाही. म्हणून बंद गाडीच्या आतल्या सजावटीचा हिशेब इथे लावला की दोन वर्षांत सगळं पुन्हा करावं लागतं.

भिंगारला हा विषय परका नाही. छावणीचं गाव, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल १९४८ पासून इथे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र इथे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई जवळच, आणि १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय तर पाहुण्यांना दाखवायचं पहिलं ठिकाण. अशा गावात 'कन्व्हर्टिबल' म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे इम्पाला किंवा एमजी येत नाही. येते ती टप उतरवलेली जीप. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली (बॉनेट उंच, कारण खालचं हरिकेन इंजिनच उंच), मग प्यूजो डिझेलची एमएम ५४०, आणि १९८५ पासून मारुतीची जिप्सी. या लेखातले आकडे मुख्यतः सीजे-३बी आणि एमएम ५४० धरून आहेत. जिप्सीला तयार माल सहज मिळतो, त्यामुळे पंधरा-वीस टक्के स्वस्तात होते.

चेहरामोहरा जुना ठेवून आतून गाडी आजच्या काळाची करायची, याला गाडीवाले रेस्टोमॉड म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या आयकॉन नावाच्या कंपनीने याच सीजे-३बीच्या रूपाच्या गाड्या आजच्या यंत्रणेवर बनवून विकल्या, आणि त्यांची किंमत ऐकली तर आपण आपल्या मिस्त्रीशी घासाघीस करायचं थांबवू.

पण कापडाच्या दुकानात जाण्याआधी एक निर्णय कागदावर घ्यावा लागतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, व्यावसायिक वापराची नसलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढची नोंदणी ५,००० रुपये, आणि नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरं. त्या बदल्यात रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी या नोंदणीतून बाद. म्हणजे सीट नव्याने भरली, हूड (कापडी टप) नवा शिवला म्हणून बिघडत नाही. पण फरशीबरोबर अर्धी बॉडीच नवी केली आणि बॉनेटखाली दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलं, तर व्हिंटेजचा नाद सोडावा. सत्तरच्या दशकातली पेट्रोल सीजे-३बी जशीच्या तशी हाती लागली असेल, तर तिचं रेस्टोमॉड करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अशा गाड्या आता थोड्या उरल्यात. कापाकापीला एमएम ५४० भरपूर मिळतात.

रेस्टोमॉडच करायचं असेल, तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण आलं. २० वर्षांवरच्या हलक्या मोटारींना ऑगस्ट २०२५ पासून त्याचं शुल्क १०,००० रुपये आहे, वर राज्याचा पर्यावरण कर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं. आतल्या कामापुरतं यातून एवढंच लक्षात ठेवा: आरसीवर जितकी आसनं लिहिलीत तितकीच ठेवा, मऊ टप काढून कायमचा पत्र्याचा टप बसवायचा तर आधी आरटीओत विचारा, आणि रंग बदलला तर नोंद करून घ्या.

रंगावरून आठवलं. उघड्या जीपमध्ये डॅशबोर्ड, फरशी, चाकांवरचे पत्रे हे सगळं बॉडीच्याच रंगात असतं, त्यामुळे आतलं काम करताना रंगाचा प्रश्न येतोच. लष्करी हिरवा, म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, खासगी गाडीला चालत नाही. तो नियमाने संरक्षण खात्यासाठी राखलेला आहे. लिलावात घेतलेल्या लष्करी गाडीलाही हेच लागू होतं, आणि तिच्या नोंदणीला मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं, झेरॉक्स नव्हे. दुसऱ्या गावात एखादा वाहतूक पोलीस दुर्लक्ष करेल. भिंगारमध्ये तुम्ही दिवसातून दोनदा मिलिटरी पोलिसांसमोरून जाता. वाळूचा, राखाडी, फिकट निळा, जुना पांढरा, पैकी काहीही घ्या. लष्करी क्रमांक आणि बाण तर मुळीच नकोत.

आता कामाला लागू. पहिला खर्च फरशीचा. जुनी चटई, नमदा, डांबरी लेप सगळं खरवडून काढा आणि पत्रा नागडा बघा. ठिगळं मारायला तीन ते दहा हजार. फरक एवढा मोठा, कारण काही गाड्यांत दोन ठिकाणी ठिगळ लागतं आणि काहींत पायाखालचा सगळा पत्राच बदलावा लागतो. इथे एक गोष्ट जिवावरची आहे: जुन्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली असते. टाकी उतरवून दुकानाबाहेर नेल्याशिवाय सीटच्या आसपास वेल्डिंगची ठिणगी पडता कामा नये. 'टाकी रिकामी आहे' हे उत्तर चालत नाही; रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते. टाकी उतरवलीच आहे तर आतून धुऊन घ्या, भरणीचा रबरी पाइप आणि बुचाचं वायसर नवं टाका. तीन-चारशे रुपयांत सीटला येणारा पेट्रोलचा वास कायमचा जातो.

ठिगळानंतर गंजरोधक प्रायमर, रंग, खालून रबरी लेप. वरून आवाज आणि उष्णता अडवायला ब्युटाइलच्या चिकट पट्ट्या मिळतात, चौरस फुटाला ८० रुपयांच्या आसपास. जीपच्या फरशीला आणि इंजिनाकडच्या भिंतीला मिळून तीसेक चौरस फूट पुरतात, म्हणजे अडीच हजारांत काम. त्यावर बंद कप्प्यांचा फोम आणि सगळ्यात वर जाड रबरी मॅट. बंद गाडीत घालतात तो गालिचा किंवा नमदा उघड्या जीपमध्ये घालू नका. एकदा भिजला की वरून दोन दिवसांत वाळतो, खालून आठवडाभर ओला राहतो, आणि तुम्ही नुकताच पैसे देऊन बनवलेला पत्रा पुन्हा गंजायला लागतो. विलीजच्या फरशीत पाणी जायला बुचाची भोकं मुळातच दिलेली होती. पट्ट्या चिकटवताना कारागीर ती हमखास झाकून टाकतो. आधीच खडूने गोल करून ठेवा.

वायरिंग फरशीनंतर आणि सीटच्या आधी, कारण तारा सीटखालून आणि मॅटखालून जातात. गाडी ६ व्होल्टची, १२ ची की २४ ची, हे बॅटरी बघून ठरवू नका. आधीच्या मालकाने काय केलंय ते कुणाला ठाऊक. बल्बवर, वायपरच्या मोटारीवर, डायनॅमोच्या पाटीवर लिहिलेलं वाचा. दुसऱ्या महायुद्धातली विलीज ६ व्होल्टची होती, म्हणून तिच्यात सरळ १२ व्होल्टचा स्टिरिओ लावायला जाल तर भलतंच होईल. नवा हार्नेस, फ्यूज बॉक्स, हेडलाइटला रिले आणि मजुरी धरून सहा ते बारा हजार. मोबाइल चार्जिंगचं टोक डॅशबोर्डच्या तळाला लपवून घ्या, रबरी झाकणाचं. रंगवलेल्या पत्र्यावर अर्थिंगचा स्क्रू मारून मोकळा होणारा वायरमन असेल, तर त्याला तिथेच थांबवून पत्रा घासायला लावा. जुन्या जीपचे निम्मे विजेचे आजार इथून सुरू होतात.

हूडवर मात्र वेळ घालवायचा. पैसेही.

आधी सांगाडा. पाइपची कमान वाकडी असेल, तर तिच्यावर जगातलं उत्तम कापड टाकलं तरी हूड सुरकुतलेलाच दिसणार. जुना सांगाडा सरळ करून, बिजागऱ्यांच्या पिना बदलून, रंगवून दोन ते चार हजारांत होतो. नवा बनवायचा तर सहा ते दहा. नवा बनवताना पाइप जाड घ्या. पातळ पाइप हलका लागतो, पण रस्त्यावर थरथरतो आणि ती थरथर थेट शिलाईत जाते.

कापडाची निवड ऊन बघून करायची. कोकणातला माणूस हूड पावसासाठी शिवतो आणि बुरशीला घाबरतो. नगर पर्जन्यछायेत, इथे पाऊस वर्षाकाठी मोजके दिवस, पण ऊन आठ महिने. हूड मरतो तो उन्हाने. चकचकीत, स्वस्त प्लास्टिक लेपाचं कापड पहिल्या उन्हाळ्यात कडक होतं आणि तिसऱ्यात घडीवर तडकतं. जाड, मेण किंवा जलरोधक लेप दिलेला सुती कॅनव्हास उन्हाला टिकतो, श्वास घेतो, जुन्या जीपवर शोभतोही. पण पहिल्यांदा भिजला की आटतो. परदेशी कन्व्हर्टिबलवर असतं तसं वर अ‍ॅक्रिलिक, मध्ये रबर, आत अस्तर असं तीन थरांचं कापड सर्वांत टिकाऊ, फक्त त्याच्या एका मीटरच्या पैशात इथे साध्या कापडाचा अर्धा हूड होतो. मधला मार्ग म्हणून उन्हाला टिकणारा रंग दिलेलं, दाट विणीवर मॅट लेप असलेलं कापड घ्यावं. मीटरला ३५० ते ५०० रुपये, आणि बाजूचे पडदे-दरवाजे धरून नऊ-दहा मीटर लागतं. म्हणजे कापड चार-पाच हजारांचं. पारदर्शक खिडक्यांचं जाड प्लास्टिक, चेन, पट्टे, बकलं, टिकबटणं यांना आणखी तीनेक हजार, शिलाई-बसवणी पाच ते आठ. एकूण बारा ते सोळा हजारांत चांगला हूड होतो.

दोऱ्याची चौकशी कुणीच करत नाही. नायलॉन मजबूत असतो, पण उन्हात पॉलिस्टरच्या आधी कुजतो. सुती कॅनव्हासला पॉलिस्टरच्या गाभ्यावर सूत चढवलेला दोरा सर्वांत चांगला, कारण भिजला की सूत फुगतं आणि सुईची भोकं आपोआप बुजतात. फरक दीड-दोनशे रुपयांचा. मागून घ्या.

हूड चढवताना एक दिवस रजा काढून जवळ उभं राहावं, असा हा प्रकार आहे. कारागीर कापड उलटं करून कमानींवर टाकतो, मागून ओढतो, दातांत दोन पिना धरून पुढच्या काचेच्या चौकटीवर बोटांनी कडा चाचपत जातो आणि खडूने रेघ मारतो. रेघेबाहेर दीड बोट कापड सोडतो. मालकाला घाई असते.

"मामा, कापड बसलंय की आता. बटणंही मारून टाका ना आजच."

"आज नको दादा. रात्रभर ताणावर राहू दे. उद्या दुपारच्या उन्हात ओढून मारतो. आज मारली तर एकतर उन्हात झोळ पडतील, नाहीतर पहिल्या पावसात बटण टोपीपर्यंत पोचायचंच नाही."

मामांचं ऐकावं. टिकबटणाचं भोक एकदा पाडलं की परत घेता येत नाही, आणि अर्ध्या इंचाने चुकलेली सहा बटणं म्हणजे वाऱ्याने फडफडणारी कड, फडफडणारी कड म्हणजे वर्षभरात उसवलेला कोपरा. बटणं पितळेची किंवा स्टेनलेसची घ्या. मुलामा दिलेली लोखंडी गंजून कापडावर डाग सोडतात.

आणखी एक गोष्ट भिंगारकरांच्या फायद्याची. हूड कुशनवाल्याकडे नेऊ नका, ताडपत्रीवाल्याकडे न्या. ऊस, कांदा आणि मालट्रकांचा जिल्हा असल्याने जाड कापड शिवणारी माणसं आणि जाड कामाच्या मशिनी इथे आहेत. रिक्षाचे हूड शिवणाराही चालेल. सोफ्याचं काम करणाऱ्याची मशीन चार पदरी कॅनव्हासवर टाके सोडते, आणि सुटलेला टाका पावसाआधी दिसत नाही.

सीट शेवटी. सांगाड्याचे पाइप आणि झिगझॅग स्प्रिंगा तपासून घ्या. तुटलेल्या स्प्रिंगवर जाड फोम टाकून झाकायची पद्धत आहे, ती सहा महिन्यांत पाठीला कळते. बुडाला ४० डेन्सिटीचा फोम, पाठीला ३२ चा. तळाला फळी असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय, आणि त्याला पाणी गळायला चार-सहा भोकं. फोमवर पातळ प्लास्टिक घालून वर रेक्झिन चढवतात, ते योग्यच. पण शिलाईतून पाणी आत जातंच, म्हणून खालून वाट ठेवावीच लागते.

कव्हरचा हिशेब करू. ५४ इंच पन्ह्याचं कापड, पुढच्या एका सीटला सव्वा मीटर, म्हणजे दोन्हींना अडीच. मागच्या दोन बाकांना मिळून दीड-दोन मीटर. वाया जाणारं धरून पाच मीटर. साधं बरं रेक्झिन ४५० रुपये मीटरने सव्वादोन हजार झाले. महागडं, नऊशेचं घेतलं तरी साडेचार. सगळी चर्चा ज्या कापडावरून चालली होती, त्याच्या दोन टोकांतला फरक सव्वादोन हजार! फोम, प्लाय, स्प्रिंगा आणि मजुरी मिळून आणखी आठ-दहा हजार जातात, आणि खरं काम त्यांचंच असतं. एकूण दहा ते चौदा हजार.

खरं कातडं चौरस फुटावर विकतात. दीड-दोनशे रुपये फुटाने आणि कापताना जाणारी खोट धरून चार आसनांचं बिल दुपटी-तिपटीने वाढतं. उघड्या जीपमध्ये कातडं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. नगरच्या एप्रिलमध्ये त्यावर बसवत नाही आणि जूनमध्ये ते भिजवता येत नाही. काळं रेक्झिनही नकोच. तपकिरी, खाकी किंवा राखाडी, मधल्या बैठकीला बारीक जाळीचं जाड कापड आणि कडांना रेक्झिन, हे जोडकाम बसायला सर्वांत सुखाचं. आधुनिक गाडीच्या तयार सीटा बसवायची फॅशन आहे. त्या मिळतात सात-आठ हजारांपासून, पण जीपच्या चाकाशी त्यांची उंची जुळत नाही, गुडघे स्टिअरिंगला लागतात. घेण्याआधी नुसती ठेवून, दार नसलेल्या बाजूने दोनदा चढून-उतरून बघा.

सीटबेल्टची जोडी दोन-तीन हजारांत मिळते. तिचा उपयोग मात्र बोल्ट कुठे मारलाय यावर आहे. नुसत्या फरशीच्या पत्र्यात मारलेला बोल्ट धक्क्याला पत्र्यासकट उपटतो. पत्र्याखाली जाड पोलादी पट्टी हवी, आणि ती मॅट टाकायच्या आधी लावायची. बॉडीच्या पत्र्यालाच टाके मारलेला मागचा बार शोभेचा समजा, त्याच्या भरवशावर राहू नका.

डॅशबोर्डवर फार बोलण्यासारखं नाही. मूळ मीटर दुरुस्त होत असेल तर करून घ्या, दोन-तीन हजार. न झाल्यास जुन्या तोंडवळ्याचे नवे गोल मीटर सहा ते दहा हजारांत. लाकडी डॅशबोर्ड जीपला कधीच नव्हता, नगरच्या उन्हात तो टिकतही नाही. स्पीकर लावायचेच तर बोटींसाठी बनवलेले, पाणी सोसणारे घ्या.

जोडून बघू. हूडचा सांगाडा ६,०००, हूड १६,०००, फरशी १०,०००, वायरिंग १०,०००, सीटा १४,०००, डॅशबोर्ड ८,०००, बेल्ट ३,०००. झाले ६७,०००. त्यावर पंधरा टक्के निघणाऱ्या भानगडींचे धरा. जुन्या गाडीत भानगड निघतेच. म्हणजे ७७,०००. काटकसरीच्या कामात सांगाडा जुनाच, मीटर दुरुस्त केलेलं, फरशीला ठिगळं कमी. दीड लाखाच्या कामात कातडं, आयात कापड, नवे मीटर आणि चांगला आवाज. हे तिन्ही हिशेब मांडले तरी फरशी आणि वायरिंगचा आकडा फारसा खाली येत नाही, आणि आणूही नये.

माल कुठे घ्यायचा? साधं कॅनव्हास, दोरा, चेन यांच्यासाठी नगरचा कापड बाजार आणि ताडपत्रीवाले पुरतात. मीटर, स्विच, रबरं, बिजागऱ्या यांना पुण्याची नाना पेठ. जुने अस्सल भाग हवेत तर कुर्ल्याचा सीएसटी रोड, पण तिथे काय घ्यायचं ते ठाऊक असणारा माणूस बरोबर असावा. पंजाब-हरियाणा सीमेवरचं मंडी डबवाली हे उघड्या जीप बनवण्यासाठी देशभर नावाजलेलं आहे, तिथून तयार हूड आणि सीटा पार्सलने येतात. ते स्वस्त दिसतात. मात्र तुमच्या जीपची बॉडी चाळीस वर्षांत किती वाकलीय हे डबवालीच्या शिंप्याला माहीत नसतं. तयार हूडला इथे पुन्हा उसवून बसवायचे दोन हजार लागले, की बचत संपली. पुण्याला फेरी मारायची तर एकाच फेरीत पूर्ण यादी न्या, जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर होतात. सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे. कुणी जुन्या २८ ने बिल लावत असेल तर तारीख दाखवा.

वेळेचंही गणित आहे. दसरा-दिवाळीच्या आधी कुशनवाले सोफ्यांत बुडालेले असतात, आणि मे अखेरीला ताडपत्रीवाल्याकडे उभं राहायला जागा नसते. जानेवारीत फरशी आणि वायरिंग, फेब्रुवारी-मार्चमध्ये हूड, मग सीटा, असं धरलं तर उन्हात हूड ताणून बसतो आणि पहिल्या पावसाआधी चुका दुरुस्त करायला दोन महिने हाती राहतात.

कारागिराशी बोलणं तोंडी ठेवू नका. वहीचं एक पान पुरे: फोमची डेन्सिटी, कापडाचं नाव आणि मीटर, दोरा कुठला, बटणं किती आणि कशाची, प्लाय कुठला. फोमचा तुकडा कव्हर चढायच्या आधी बघून, त्यावर बसून घ्या. नंतर आत काय आहे ते कुणी उसवून दाखवत नाही. उचल तीस-चाळीस टक्के. कापड तुम्हीच आणलं असेल तर त्याहून कमी. उरलेलं कापड मागून घ्या, निदान अर्धा मीटर. चार वर्षांनी तोच रंग मिळत नाही.

शेवटचे दहा टक्के हूडवर पाइपने पाणी मारून बघितल्यावर द्यायचे. वरून नाही, पुढच्या काचेच्या बाजूने, गाडी चालताना पाऊस जिथून येतो तिथून. पाच मिनिटं. दोन माणसं आत टॉर्च घेऊन बसतील, एक बाहेर पाइप धरेल. थेंब काचेच्या चौकटीच्या दोन कोपऱ्यांत आणि दाराच्या वरच्या कडेला आधी दिसतो. तिथे खडूने खूण करा आणि गाडी तशीच मामांकडे परत न्या. पारदर्शक खिडक्या पुसताना कोरडं फडकं कधीच नको, नगरची धूळ त्यावर वाळूच्या कागदासारखी चालते. आधी पाणी, मग ओला सुती कपडा, थिनर तर लांबच. टप उतरवून घडी घालताना खिडकीच्या प्लास्टिकमध्ये जुन्या धोतराचा तुकडा ठेवायचा आणि सकाळच्या गारठ्यात घडी घालायची नाही, ऊन चढेपर्यंत थांबायचं.